कुणी न पेरलेलं गवत

अक्षयतृतीया जवळ आली की आमच्या प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्यांचा ढीग लागतो आणि माझं डोकं फिरतं. दोन्ही गोष्टी दरवर्षी न चुकता होतात. मी अकोल्यात माती तपासायचं काम करते. उन्हाळ्यात वावरं रिकामी असतात, म्हणून शेतकरी याच दिवसांत माती घेऊन येतात. कुणी कापडी पिशवीत नाव-गाव नीट लिहून आणतो, तर कुणी कपडे धुण्याच्या पावडरच्या रिकाम्या पाकिटात. त्याला सांगावं लागतं, की दादा, या मातीत साबणच निघेल. बाहेर अकोल्याचं ऊन असतं, त्याच्याविषयी काय बोलायचं! पंखा गरम हवा इकडची तिकडे करतो. चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, यंदा पाऊस कसा म्हणता?" मला मातीतलं कळतं, आभाळातलं नाही, असं मी वैतागून सांगते. एका अक्षयतृतीयेनंतर मला मातीतलं खरंच कळलं होतं, आणि मी गप्प बसले होते. ते आठवतं म्हणून माझी चिडचिड होते. ती समोरच्यावर निघते, हा त्याचा दोष नाही.

आमचं गाव अमरावतीहून वलगाव ओलांडलं की पुढे, पेढी नदीच्या अंगाला. घरी आठ एकर. त्यातलं पाच एकर काळं, कसदार वावर आणि नाल्याकडचं तीन एकर पडीत. पडीत म्हणजे तिथे काही पेरायचं नाही, नुसतं गवत. त्या वर्षी आमच्या घरात भांडण होतं ते एवढ्याच गोष्टीवरून, की हे तीन एकर ठेवायचे की मोडायचे. ऐकायला केवढीशी गोष्ट. पण त्यावरून माझी माय आणि माझे बाबा सबंध पावसाळा एकमेकांशी बोलले नाहीत.

गवत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बागेतली हिरवळ येते. आमच्या पडितावरचं गवत तसलं नव्हतं. पावसाळ्यानंतर त्यात माझ्यासारखी मुलगी कमरेपर्यंत बुडायची. पवन्या होता, मारवेल होतं, नाल्याच्या कडेनं तिखाडी होती. तिखाडीतून चालत गेलं की परकराला दोन दिवस वास राहायचा, लिंबासारखा पण जरा तिखट. दिवाळीनंतर ते पिवळं व्हायचं, मग तांबूस. माय विळा घेऊन रोज एक भारा कापायची. दोन गाई आणि बैलजोडी त्यावर उन्हाळ्यापर्यंत निघायची. त्या गवतात लाव्हे पक्षी असायचे. पाय जवळ आला की एकदम भर्रकन उडायचे, आणि दर वेळी मी किंचाळायची आणि दर वेळी माय हसायची. माय एरवी फारशी हसत नसे.

आणि आखाजी. अक्षयतृतीयेला माय आखाजीच म्हणते. त्या दिवशी पितरांच्या नावानं नवा माठ भरायचा. बाबा त्या माठाखाली चार ढेकळं ठेवायचे. एक आषाढाचं, एक श्रावणाचं, एक भादव्याचं, एक आश्विनाचं. ढेकळं आपल्याच वावरातली पाहिजेत. बाबा आदल्या दिवशी स्वतः जाऊन आणायचे, टाचेनं ठोकून बघायचे, आंबा निवडावा तसे निवडायचे. नवा माठ पाझरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माठ उचलायचा आणि बघायचं. जे ढेकूळ भिजलं तो महिना पावसाचा, जे कोरडं राहिलं तो कोरडा. बाबांचा त्यावर फार विश्वास होता. चूक निघाली तर ते म्हणायचे, माठ वाकडा ठेवला होता.

मला लहानपणची भिजलेली ढेकळं नीट आठवतात. काळी, गच्च, थंडगार. भिजली तरी आकार सोडायची नाहीत. मी अंगठा दाबायची, त्याचा ठसा उमटायचा आणि तो दुपारपर्यंत तसाच राहायचा. तेव्हा त्याचं काहीच विशेष वाटलं नाही.

मी अमरावतीला कॉलेजात गेले आणि दर सुट्टीत गाव थोडं थोडं उघडं पडलेलं दिसू लागलं. आधी ज्वारी गेली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी ढोरं गेली, आणि ढोरं गेली तसं वावरात शेण पडायचं बंद झालं. सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी, मध्ये काही नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी तोडल्या, कारण ट्रॅक्टर वळायला अडचण. मग धुरेही बारीक केले, पेरणीची तासं, म्हणजे ओळी, दोन-एक जास्त बसतील म्हणून. गावाची चराईची जमीन होती, ई-क्लासची, तीही लोकांनी कडेकडेनं वाहायला घेतली. उरलेल्या तुकड्यावर झाडं लावणार असल्याचा फलक आला. झाडं कधी आली नाहीत. सोयाबीन निघालं की काड जाळायचे, संध्याकाळी गावभर धूर. कुणी एकानं वाईट केलं असं नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं थोडंसंच केलं होतं. मग अख्ख्या शिवारात गवत म्हणावं असं आमचंच पडीत उरलं.

तो काळच तसा होता. वऱ्हाडचं नाव तेव्हा पेपरात एकाच कारणासाठी यायचं. सकाळी कुणाचं दार उशिरापर्यंत बंद दिसलं की शेजारचे मुद्दाम हाक मारून बघायचे, "उठले का वो?" आतून उत्तर आलं की काही विशेष नाही असं दाखवत निघून जायचे. मी सुट्टीत घरी आले की पहिल्या सकाळी जाग यायची ती त्या हाकांनी.

माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी माठ उचलला आणि ओरडलेच. चारही ढेकळं भिजली होती. नुसती भिजली नव्हती, त्यांचा चिखल झाला होता. पाटावर नुसता काळा लगदा, आषाढ कुठला आणि आश्विन कुठला ते ओळखू येत नव्हतं.

"पायलं का? चारी महिने! चारीच्या चारी!" बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. आमच्या ओसरीवर दहा-बारा माणसं जमली. कित्येक दिवसांनी लोकांच्या चेहऱ्यावर हसू बघितलं. कुणी म्हणालं, आमच्या घरीबी तसंच झालं. मग तर खात्रीच पटली.

माय खाली बसून त्या लगद्यात बोट फिरवत होती. म्हणाली, "पानी पेलं असतं त फुगलं असतं. हे त इरघळून गेलं."

"तुले सगळ्यातच खोट दिसते," बाबा म्हणाले.

मी हसले होते. अंधश्रद्धा म्हणून. आज विचार केला तर वाटतं, त्या ओसरीवर आभाळ वाचू पाहणारे सगळे जण खरं तर माती वाचत होते, आणि उलटी वाचत होते. फक्त माय सुलट वाचत होती. पण मायचं ऐकायची आमच्या घरात सवय नव्हती.

त्याच दुपारी जेवताना बाबांनी विषय काढला. "यंदा पडीत मोडतो. चारी महिने पानी हाये. सोयाबीन घेतो."

"अन् ढोरं काय खातीन?"

"सोयाबीनचं कुटार हाये ना."

"कुटारावर गाय जगते, दूध नाई देत," माय म्हणाली. "अन् ते मोडलं त पुन्हा येनार नाई. ते काय पऱ्हाटी हाये का, या वर्सी नाई त पुढच्या वर्सी लावली?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात मी एकुलती आणि एकटीच शिकलेली. "तू सांग वं बाई. पडीत ठेवून काय फायदा?"

आणि मी, बाईसाहेब, पुऱ्या आत्मविश्वासानं म्हणाले, "आमच्या पुस्तकात त अशा जमिनीले वाया गेलेली जमीनच म्हनते बाबा."

खोटं नव्हतं ते. पुस्तकात तसंच होतं. कागदोपत्री आपल्या देशात पीक असतं, जंगल असतं, वस्ती असते, आणि बाकी सगळं पडीक. गवताला वेगळा रकानाच नाही. ज्याला रकाना नाही ते मोडलं तर कुणाला कळणार? पण मला मायनं वाढलेल्या ताटावर बसून, तिच्या गाईचं ताक पिऊन, हे बोलायची गरज नव्हती. मायनं माझ्या ताटात भाजीची अजून एक पळी वाढली.

दोन दिवसांनी सलीमभाईंचा ट्रॅक्टर आला. सलीमभाई गावातलेच, बाबांच्या वयाचे. त्यांचे वडील गाद्यांचा कापूस पिंजायचे, यांनी ट्रॅक्टर घेतला. बाबांचे ते शाळेतले दोस्त. त्यांनी पलटी नांगर लावला आणि पहिलं तास धरलं. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर इंजिन घरघरलं आणि नांगराचा फाळ वर आला. त्यांनी दाब देऊन पुन्हा घातला. पुन्हा वर. ते खाली उतरले, वाकून बघितलं.

"दादा, फाल चढ रा," ते म्हणाले. "जड में जड फसी है. एक बार और सोच लेव."

"चालव गा, सलीमभाई," बाबा म्हणाले. "रोहिण्या जवळ आल्या. आता काय सोचतं!"

त्यांनी मग नांगरावर दोन मोठे दगड बांधले. आणि जमीन फाटू लागली. नेहमीच्या वावरात नांगर चालतो तेव्हा आवाज मातीचा असतो, भुसभुस. इथे आवाज जुनी सतरंजी फाडल्याचा होता, लांबलचक, थांबत थांबत. मुळं तुटत होती. सगळीकडे तिखाडीचा वास भरला, इतका की डोकं दुखायला लागलं. लाव्हे उडून धुऱ्यावर बसले, पुन्हा उडाले, आणि त्यांना कुठे जायचं ते कळेना. मी त्या वेळी किंचाळले नाही.

माय बांधावरच्या निंबाखाली उभी होती. सलीमभाईंसाठी किटलीत चहा आणला होता, आणि चहाचे काचेचे ग्लास. तिनं भांडण केलं नाही. आडवी पडली नाही. ती ताज्या तासातून एक ढेकूळ उचलून घेऊन आली. मग शेजारच्या आमच्याच काळ्या वावरातून दुसरं आणलं, तेवढंच. दोन ग्लासांत कॅनमधलं पाणी ओतलं आणि एकेक ढेकूळ एकेकात सोडलं.

वावरातल्या ढेकळातून बुडबुडे सुटले, कडा घसरल्या, आणि सलीमभाई टोकाला जाऊन ट्रॅक्टर वळवून येईपर्यंत त्याचा गाळ झाला. ग्लासात नुसतं गढूळ पाणी. पडितातलं ढेकूळ तसंच उभं राहिलं. त्यातून सावकाश एखादा बुडबुडा निघे. पाणी इतकं नितळ होतं की ढेकळाखाली लोंबणारी पांढरी बारीक मुळं मला मोजता आली असती.

मला कळलं. अगदी तिथल्या तिथे कळलं. मातीचे कण कशानं धरून राहतात, हे आम्हाला शेवटच्या वर्षी शिकवलं होतं, मी त्यावर परीक्षेत चार पानं लिहिली होती. मुळं, कुजलेला पाला, शेण, त्यातले जीव, हे सगळं मिळून मातीला बांधून ठेवतं. ते गेलं की पाणी लागताच माती सुटते. म्हणजे आखाजीची ती चार ढेकळं पावसाचं काही सांगतच नव्हती. ती सांगत होती की पाच एकरांतली माती आता स्वतःला धरून ठेवू शकत नाही, आणि गावात ज्यांच्या घरी तसंच झालं त्यांचीही नाही. आणि ज्या तीन एकरांतली धरून होती, ती आम्ही या घडीला फाडत होतो. अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. एक हाक मारायची होती, "बाबा, थांबवा."

मायनं दोन्ही ग्लास बाबांच्या समोर धुऱ्यावरच्या दगडावर ठेवले आणि ती गाईंकडे निघून गेली. बाबा ट्रॅक्टरकडे बघत उभे होते. त्यांचं त्या ग्लासांकडे लक्षच गेलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं धरून चालले.

मी हाक मारली नाही. कारण काय सांगू? परवाच मोठ्या तोंडानं वाया म्हटलं होतं. ते गिळायला लाज वाटली. एवढंच कारण आहे. मी ते अनेक वेळा उलटसुलट करून बघितलं, त्याच्यापेक्षा मोठं कारण सापडलं नाही. संध्याकाळपर्यंत तीन एकर काळं झालं. काय सुंदर दिसत होतं! गावचे लोक बघायला आले, मूठभर माती उचलून म्हणाले, सोनं हाये सोनं.

मृगात पाऊस आला आणि सगळ्यांनी पेरलं. नंतर तो जो गेला तो गेला. आभाळ यायचं, दुपारी वारा सुटायचा आणि ढग अचलपूरकडे निघून जायचे. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा लागला. मातीवर पापुद्रा धरला, भाकरीवर धरतो तसा, पण कडक. खाली बी उगवलं होतं आणि वर येता येत नव्हतं. माय आणि मी गुडघ्यांवर बसून बोटांनी तो पापुद्रा फोडत ओळीओळीनं पुढे सरकायचो. एखाद्या खपलीखाली मान मोडलेला पिवळा कोंब दिसायचा. एकेका ओळीला दीड-दोन तास लागायचे. एवढ्या जमिनीत दोन बायका किती फोडणार! पण घरी बसवत नव्हतं. बाबा सकाळी वावराच्या कडेला येऊन उभे राहायचे आणि वर बघायचे. त्या दिवसांत मी सकाळी सगळ्यात आधी उठायची, बाबांच्या खोकल्याचा आवाज आला की मग चहा ठेवायची.

बैलजोडी केव्हाच विकली होती. मायनं दोन्ही गाई तिच्या भावाकडे धाडल्या, चिखलदऱ्याच्या पायथ्याशी, तिथे अजून गवत होतं. टेम्पोत चढवताना म्हातारी गाय पाय रोवून उभी राहिली. माय तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, तेव्हा ती चढली. टेम्पो गेल्यावर मायनं गोठा झाडला, शेणानं सारवला आणि त्याचं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती बाबांशी बोलेना. जेवायला वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही. बाबाही हट्टी. मी दोघांच्या मधली टपालपेटी झाले.

श्रावणात एका दुपारी पाऊस आला. तासाभरात महिनाभराचा. असा पाऊस आम्हाला तेव्हा नवीन होता, आता तो नेहमीचा झाला आहे. आम्ही तिघं पडिताकडे धावलो. अजून पडीतच म्हणायचो आम्ही त्याला. त्या उतारावरून पाणी येत होतं ते काळं, दाट, आणि सरळ नाल्यात जात होतं. पूर्वी त्याच उतारावर गवतात शिरलेलं पाणी मिनिटभर थांबायचं, मग नितळ होऊन हळूच खाली उतरायचं. बाबा पाण्यात उतरले आणि हातांनी माती अडवायला लागले. खरोखर हातांनी. फावडंही नव्हतं. माय काठावरून बघत होती. मग तीही उतरली, आणि त्यांच्या बाजूला दगड लावायला लागली. तरीही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला चुनखडीचे पांढरे खडे उघडे पडले होते. त्या पांढऱ्या चट्ट्यावर आजतागायत काही धड येत नाही. बाबांनी नंतर माठाखाली कधी ढेकळं ठेवली नाहीत.

मी पुढे मातीच्याच नोकरीला लागले, हा योगायोग नव्हे. प्रायश्चित्त म्हणावं तर पगार घेते, तेही नीटसं जमत नाही. रोज अहवाल लिहिते, मातीत कुजलेल्या पाल्याचा, शेणाचा कार्बन किती उरला याचा. सेंद्रिय कर्ब: कमी. पुढच्याचा: कमी. त्याच्या पुढच्याचा: अत्यंत कमी. दर्यापूर, बाळापूर, मूर्तिजापूर, तिवसा, कुठलीही पिशवी उघडा. शेतकरी विचारतात, मॅडम, गेला कुठे हा कर्ब? नाल्यात गेला असं त्यांना वाटतं. काही गेलाच. पण बराचसा वर गेला आहे. गवत मोडून जमीन उघडी केली, दरवर्षी नांगरून उन्हात उलटी टाकली, काड जाळलं, की मातीत शंभर वर्षं साठलेलं हवा होऊन निघून जातं. आपण चिमणीच्या धुराकडे बोट दाखवतो. नांगराचा धूर दिसत नाही एवढंच. हेच वर जाऊन उन्हाळा तापवतं, पाऊस मोडतं, तीन आठवडे दडी मारायला लावतं आणि मग तासाभरात सगळं ओततं. आणि तो पाऊस पडतो पुन्हा त्याच सुटलेल्या मातीवर. हे एकट्या आमच्या तीन एकरांनी झालं, असं म्हणण्याइतकी मी वेडी नाही. पण सगळ्यांचे तीन-तीन एकर होते. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी शिकलेलं होतं, आणि सगळ्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की वाया आहे, मोडा.

मागच्या वर्षी पोळ्याला घरी गेले होते. बाबा आता थकले आहेत, कानांनी कमी ऐकतात. चहा पिता पिता एकदम म्हणाले, "तुमच्या अकोल्यात गवताचं बी भेटते का वं?"

"कोणतं गवत?"

"आपलं. पडितावरचं."

माय सुपात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "आता पेरतं काय?" ती म्हणाली. "त्याले आधी कोनं पेरलं होतं?"

बाबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. मी अकोल्याला आल्यावर खरोखर दुकानं हिंडले. कृषी केंद्रांच्या फळ्या सोयाबीनच्या पिशव्यांनी भरलेल्या. मी पवन्याचं, मारवेलचं बी मागितलं. एक दुकानदार अतिशय अदबीनं म्हणाला, "मॅडम, ते तर तण आहे. मारायचं औषध देऊ का?" मी त्याच्यावर ओरडले. मग घरी येऊन रडले, आणि रडून झाल्यावर स्वतःचाच राग आला, कारण त्याच्या पुस्तकात आणि माझ्या पुस्तकात काय फरक होता?

बी मिळालं ते सलीमभाईंमुळे. त्यांनी ऐकलं आणि बाबांना म्हणाले, "इतना क्या ढूंढ रहे दादा? हमारे कब्रस्तान में है ना." आणि खरंच होतं. गावाबाहेरचं त्यांचं कब्रस्तान, दोन एकराचा उंचवटा. तिथे नांगर कोण घालणार! कितीतरी पिढ्या फाळ लागला नाही, म्हणून गवत तसंच राहिलं. पवन्या, मारवेल, खालच्या कुंपणाशी तिखाडीसुद्धा. अख्ख्या शिवारात तेवढंच. जिवंत माणसांनी आपल्या वाट्याचं सगळं मोडलं आणि मेलेल्यांनी तेवढं सांभाळून ठेवलं.

दिवाळी झाल्यावर, बी धरल्यावर, आम्ही तिघं तिथे गेलो. बाबा, सलीमभाई आणि मी. फाटकाशी बाबा थबकले. चपला काढल्या. म्हणाले, "कोनाले इचारू?"

"अब्बा को बोल के रखा मैंने," सलीमभाई म्हणाले. "आओ."

सकाळचं ऊन मवाळ होतं. कबरींच्या मधून, पाय लागणार नाही असं जपून, आम्ही ओंब्या ओरबाडत होतो. गवताचं बी हाताला लागतच नाही, एवढं हलकं. वाऱ्यानं अर्धं उडून जायचं. सलीमभाई त्यांच्या वडिलांच्या कबरीपाशी बसूनच काम करत होते. पायाशी एक लाव्हा भर्रकन उडाला आणि मी दचकून खाली बसले. बाबा माझ्या जवळच होते. तिथे बसल्या बसल्या मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं, सलीमभाईंनाही ऐकू गेलं असणार. मी म्हटलं, बाबा, ट्रॅक्टर चालला होता त्या दिवशी मायनं दोन ग्लास ठेवले होते. एकातली माती उभी राहिली होती. मी बघितलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.

बाबा ओंबी चोळत राहिले. तळहातावर फुंकर घातली, उरलेलं बी जपून पिशवीत टाकलं.

"मीबी पायलं होतं," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मंग थांबवलं काहून नाई, बाबा?"

"थांबवनार होतो. सलीमले हात करनार होतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आधी तुयाकडं पायलं. म्हटलं, ईले कयते, हे शिकलेली हाये. तू काई बोलली नाई."

आणि त्यांनी पिशवीचं तोंड माझ्यापुढे उघडं धरलं, कारण माझ्या मुठीतलं बी सांडत होतं.